मायच्या हळदीची सरी

आयुष्यभर पडायला मला जागा काय कमी होत्या? हळदीच्या ओल्या सऱ्या, विहिरीचा काठ, पावसाळ्यात निसरडा होणारा बांध. तिथं कुठं पडले नाही. पडले ती माझ्याच घराच्या ओसरीवर, माझ्याच हौसेनं बसवलेल्या चकचकीत फरशीवर.

लेकीचं लग्न वैशाखात धरलं होतं. पाव्हणे येणार, ओसरी चारचौघांत शोभेल अशी पाहिजे, म्हणून मी हट्टच धरला. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, आमच्याकडं बायका नवऱ्याला मालकच म्हणतात, ते कानीकपाळी ओरडून राहिले होते, "अगं, खरबडी शहाबादी टाकू. तिच्यावर पाय ठरतो." मी म्हटलं, "तुमाला काय कळतं त्यातलं? फरशीत तोंड दिसलं पायजे." दिसलं तोंड! लेकीनं सकाळी फरशी पुसली होती, मी चहाचा कप घेऊन उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि गेले धाडदिशी. तुरीची वाळलेली तुराटी मोडावी तसा घोट्यातून आवाज आला. कप मात्र फुटला नाही. तो अजून फडताळात आहे आणि दिसला की मला त्याचा राग येतो.

नांदेडला ऑपरेशन झालं. घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडं गेली होती. आत पट्टी बसवली, स्क्रू मारले. डॉक्टरांनी फोटो दाखवला, तर त्यात मला माझा पाय काही ओळखू येईना. सुताराच्या दुकानातलं काहीतरी वाटलं. डॉक्टर म्हणाले, "दीड महिना हा पाय जमिनीला लावायचा नाही." मी म्हटलं, "जरासा टेकला तर?" ते म्हणाले, "जरासासुद्धा नाही." मालकांनी मागून अशी मान डोलावली की मला तिथंच भांडावंसं वाटलं.

जीपच्या मागच्या सीटवर पाय लांब करून घरी आले. वारंगा फाट्यावर चहाला गाडी थांबवली, तर दोन बायका खिडकीतून डोकावून माझ्या पायाकडं बघून गेल्या. एक म्हणाली, "अगं माय, केवढं सुजलंय!" दुसरीनं तिच्या चुलत सासूचा पाय कसा कायमचा वाकडा राहिला ते सांगितलं. मी म्हटलं, "बाई, चहा गार होतोय तुमचा." मालक हसले. त्या दिवसांत आम्ही दोघं मिळून हसलो ते तेवढंच.

खाट ओसरीला लागून असलेल्या पुढच्या खोलीत टाकली. दार उघडं ठेवलं की अंगण दिसायचं, गोठ्याचं अर्धं दार दिसायचं, चूल नाही पण चुलीचा धूर दिसायचा. म्हणजे सगळं अर्धं दिसायचं, आणि अर्धं दिसलं की माणसाला जास्त बोलावं लागतं. मी बोलायला लागले. भाजीला फोडणी करपली वाटतं. म्हशीला पेंड दिली का? वाळवणावर कोंबडी चढली बघ. झाडू दाबून मार, वरवर नको फिरवू. लग्नाच्या साड्या खालच्या खणात ठेवल्या का वरच्या? पाय उशीवर, तोंड दिवसभर चालू.

हे सगळं ऐकायला घरात एकटी लेक. लग्न तोंडावर आलेली पोरगी, तिनं मैत्रिणींत बसायचं, मेंदीच्या नक्षी बघायच्या, तर ती माझं भांडं रिकामं करून राहिली होती. मला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून अंघोळ घालायची, प्लॅस्टरला पाणी लागू नये म्हणून पायाला खताची रिकामी पिशवी बांधायची, केस विंचरून वेणी घालायची. वेणी घट्ट झाली तरी मी बोलायचे, सैल झाली तरी बोलायचे. एकदा ती म्हणाली, "आई, तू शाळेत मास्तरीण व्हायला पायजे होतीस. पोरं मार न खाताच शिकली असती." मला हसू आलं, पण मी दाखवलं नाही. आता वाटतं, दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं? ती घरात असण्याचे तेच शेवटचे दिवस होते, आणि त्यातले निम्मे मी मीठ कमी का जास्त यात घालवले.

आता सरीचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

माझं लग्न झालं तेव्हा पाठवणीच्या वेळी मायनं, म्हणजे माझ्या आईनं, माझी ओटी भरली. ओटीत तांदूळ, सुपारी, खोबऱ्याची वाटी आणि हळकुंड, हे कुणाच्याही ओटीत असतं. वाळलेलं, खणखणीत हळकुंड. पण सासरी येऊन ओटी सोडली तर तांदळात हळकुंड नव्हतंच. होता तो कच्च्या हळदीचा एक ओला गड्डा. मातीसकट. तांदूळ मळले होते, खणाला डाग पडला होता. सासूबाई हसून म्हणाल्या, "तुझ्या मायला वाळलेलं हळकुंड घावलं न्हाई व्हय?" मी लाजेनं खाली बघत राहिले, पण मला माहीत होतं ते चुकून आलेलं नाही. ओटी भरताना मायनं माझ्या कानाशी तोंड आणून एवढंच म्हटलं होतं, "हे शिजवू नको. लाव."

आमच्या भागात हळद म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीतून काढलेली हळद आधी शिजवायची, मग उन्हात वाळवायची, मग ड्रममध्ये फिरवून घासायची, तेव्हा ती पिवळीधमक होऊन हिंगोलीच्या बाजारात जाते. शिजली की ती वर्षानुवर्षं टिकते, किडत नाही, सडत नाही. पण एकदा शिजलेल्या हळदीला पुन्हा कोंब फुटत नाही. पुढच्या वर्षी लावायची ती कच्चीच ठेवावी लागते, झाडाखाली सावलीत, हळदीच्याच पाल्यानं झाकून. त्याला बेणं म्हणतात.

मायचा गड्डा मी मोरीच्या पाण्यावर लावला. पुढच्या साली त्याचे मूठभर झाले, त्याच्या पुढच्या साली टोपलंभर. मग मालकांनीच विहिरीजवळच्या कोपऱ्यात एक सरी सोडून दिली. "ही तुझी," म्हणाले. बाकी सगळ्या रानात सेलम जातीची हळद, उताऱ्याला चांगली, बाजारात चालणारी. माझ्या सरीतली हळद बारीक, उतारा कमी, पण मोडली की आतून लालसर निघायची आणि वास असा की हात धुतले तरी दुसऱ्या दिवशी भाकरीला यायचा. माय गेली त्या वर्षी ती सरी काढताना मी एकटीच रानात बसून मोठमोठ्यानं रडले होते. घरात रडता आलं नव्हतं.

ती सरी दरवर्षी मीच काढायची. बायका कामाला यायच्या आधी, सकाळच्या गारव्यात. भरलेले, डोळस, म्हणजे कोंब फुटायचे डोळे असलेले गड्डे निवडून जुन्या टोपल्यात घालायचे आणि विहिरीच्या मोटारीच्या खोलीमागं पाल्याखाली ठेवायचे. उरलेली हळकुंडं घरीच पातेल्यात शिजवायची, घरच्या वापराला. लावताना पुन्हा मीच. त्या टोपल्याचं कुणी विचारलं नाही, मी कुणाला सांगितलं नाही. मालकांच्या लेखी ती "तिची सरी" होती. त्या सरीचं बेणं तिच्यातूनच निघतं, नुसतं हळदीच्या मोठ्या ढिगातून उचललेलं चालत नाही, हे त्यांच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

आणि माझ्या मनात होतं ते हे. लेकीची पाठवणी होईल तेव्हा मी तिच्या ओटीत वाळलेलं हळकुंड घालणार नव्हते. मायनं घातला तसाच ओला गड्डा घालणार होते, मातीसकट, आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन तेच म्हणणार होते. लग्नातलं बाकी सगळं बाजारातून येऊन राहिलं होतं. साड्या, भांडी, मंडप, पत्रिका. ही एकच गोष्ट माझ्या हातची होती. म्हणून तर ती कुणाला सांगितली नाही. आधी सांगून टाकलं तर त्या वेळेला बोलायचं काय?

पाय मोडला तेव्हा हळदीचा पाला कापून झाला होता आणि काढणी सुरू व्हायची होती. मी खाटेवर पडल्या पडल्या सगळा हिशेब लावून ठेवला. होळी झाली की प्लॅस्टर निघेल, वॉकर मिळेल. मग रिक्षा करून रानात जायचं, विहिरीजवळ खुर्ची टाकायची आणि लेकीला म्हणायचं, धर कुदळ, मी सांगते तसं खण. तिच्याच हातानं काढून घेऊ. माझ्या सरीला तोवर कोण हात लावणार होतं? आजवर कुणी लावला नव्हता.

मीठ, झाडू, पेंड, साड्या, सगळ्यावर दिवसभर बोलले. एवढंच बोलले नाही.

त्या दिवसांत मालक पहाटे रानात जायचे ते दिवस मावळल्यावर यायचे. हळद शिजवायचा कुकर आला होता, ट्रॅक्टरच्या मागं ओढून आणतात तो, मोठमोठे ड्रम आणि खाली जाळ. हात कोपरापर्यंत पिवळे घेऊन ते यायचे, जेवायचे आणि माझ्या पायाकडं बघून विचारायचे, "तकलीफ हाय का?" मी म्हणायचे, "नसायला काय झालं?" मग ते झोपायचे. दोन-तीन दिवस मला वाटत होतं की हे काहीतरी मनात धरून आहेत. माझ्याकडं बघायचे आणि उगीच मिशीत हसायचे. मी म्हटलं, लग्नाचं काहीतरी ठरवलं असेल, सांगतील.

प्लॅस्टर काढून आणलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी ते लवकर घरी आले. खांद्यावर एक लहान पोतं. ते माझ्या खाटेशी ठेवलं, तोंड सोडलं आणि म्हणाले, "वळख बरं कशाची हाय."

ओळखायला मला बघायची गरज नव्हती. वास आला होता.

"तुझ्या मायची," ते म्हणाले. कपाळावर घाम होता, पण चेहरा असा फुललेला मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. "कुकरवाल्याला म्हटलं, पहिल्यांदा हीच घालायची, सेलमचा वास लागायला नको. ड्रम म्या सोता धुतला. वाळायला ताडपत्री येगळी. घासून बी येगळी आणली. लेकीच्या अंगाला तिच्या आजीची हळद लागंल बघ. तू खाटंवर पडलीस, मनाला लावून घेशील, म्हटलं आपणच करावं."

"गड्डे?" मी विचारलं.

"समदे. एक बी मागं ठेवला न्हाई. सरी हातानं चाळून काढली."

"आन् बेणं?"

"बेणं हाय की! निंबाखाली ढीगच्या ढीग पडलाय. त्याची काहून काळजी करतीस?"

निंबाखालचा ढीग सेलमचा होता.

मी पोत्यात हात घातला. सुरेख हळद होती, खोटं कशाला बोलू. माझ्या हातून इतकी कधी निघाली नव्हती. कडक, चकचकीत, एकावर एक आपटली की दगडासारखी वाजणारी. आणि गड्डे, ज्यांच्यावर डोळे होते ते सगळे गड्डे, आता सुरकुतून गोळे झाले होते.

मग मी जे बोलले ते बोलले. "माझी माय शिजवून आणली तुमी."

त्यांना आधी कळलंच नाही. ते तसेच हसऱ्या तोंडानं बघत होते, आणि ते हसू जायला वेळ लागला, तो वेळ मला अजून दिसतो. लेक ओल्या हातानं आतून धावत आली. मी थांबायला पाहिजे होतं. थांबले नाही. काहून हात लावला, कुणाला विचारून लावला, इतकी वर्षं जपली, एका दिवसात राख केली, तोंडाला येईल ते. मोडलेल्या पायाचा राग, खाटेचा राग, त्या फरशीचासुद्धा राग, सगळा त्यांच्यावर काढला. त्यात ओटीचं पण बाहेर पडलं. जे लेकीच्या कानात सांगायचं होतं ते असं खाटेवर बसून ओरडत सांगितलं.

सगळं ऐकून घेऊन ते एवढंच म्हणाले, "मला काय म्हाईत?"

त्यात उलटून बोलणं नव्हतं. खरंच विचारत होते. आणि खरंच, त्यांना कसं माहीत असणार होतं? मी कधी सांगितलं होतं?

त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं, कोपऱ्यात ठेवलं, पायरीवरची कुदळ उचलली आणि त्या उन्हात तसेच परत रानात गेले. चहासुद्धा घेतला नाही.

संध्याकाळी उपरण्यात काहीतरी बांधून आणलं. कुदळीनं कापलेले तुकडे, उन्हानं सुकून चामड्यासारखे झालेले, दोन-चार मुळ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. हळदीचं बाकी काम पडून राहिलं, लोक हसायला लागले, रिकाम्या सरीत हा माणूस काय शोधून राहिला म्हणून. एका दिवशी त्यांनी अंगठ्याएवढा एक तुकडा आणला, त्याच्यावर एक डोळा होता. निदान डोळ्यासारखं काहीतरी होतं. काठ तडकलेल्या बादलीत त्यांनी विहिरीजवळची माती भरली, लेंडीखत घातलं, तो तुकडा त्यात लावला आणि बादली ओसरीवर आणून ठेवली, मला खाटेवरून दिसेल अशी. मग लोटाभर पाणी घातलं. माझ्याकडं बघितलं नाही.

मी भावाला फोन लावला. माहेरी मायची जुनी हळद असेल, निदान बांधाला चार रोपं तरी, असं मला वाटत होतं. तो म्हणाला, "आक्का, ती हळद कवाच मोडली गं. आता समदी केळीच हाय. तुला बेणं पायजे तर चांगलं सेलमचं मिळवून देतो, ट्रॉली भरून." मी म्हटलं, "नको, सेलम हाय." मग आम्ही लग्नाचं बोललो. फोन ठेवल्यावर मला कळलं की मायची हळद जगात माझ्याच सरीत उरली होती, आणि ते मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी दहाजणींना वाटली असती. माहेरी आहेच म्हणून बेफिकीर राहिले, आणि माहेरचे, आक्काकडं आहेच म्हणून.

वॉकर आला. पाय खाली सोडला की जांभळा व्हायचा आणि घोट्यात मुंग्या धावायच्या. लेक समोर उभी राहून म्हणायची, "चल, टाक पाऊल. तुझंच रान हाय समज." मी दात खाऊन पाऊल टाकायचे. तिनं सरीचा विषय परत काढला नाही. वेणी घालताना मात्र एकदा हात थांबवून म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मीच काढून ठिवली असती ना." तिनं वेणी पुरी केली, आणि ती घट्ट का सैल झाली ते मी सांगितलं नाही.

लग्नाच्या आधी हळद फोडायचा कार्यक्रम झाला. पाच सवाष्णींनी उखळात ती हळकुंडं घातली आणि पहिला घाव बसल्याबरोबर घरभर वास सुटला. अंगणात उभी माणसं आत डोकावली. एक म्हातारी म्हणाली, "असली हळद आता कुठं बघायला मिळती? कुणाच्या रानातली?" सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खुर्चीवर, पाय स्टुलावर. मी म्हटलं, "आमच्याच." मालक दाराशी उभे होते. ते खाली मान घालून बाहेर निघून गेले.

आणि लेकीला हळद लागली तेव्हा ती काय दिसली! ती मूळची सावळी. त्या लालसर हळदीत तिचे हात, तिचा गळा असा उजळला की माझ्याच लेकीकडं मी अनोळख्यासारखी बघत बसले. मालकांनी जे म्हटलं होतं ते खरं झालं होतं. लेकीच्या अंगाला तिच्या आजीची हळद लागली होती. माझ्या मनात आनंद होता, भरपूर होता, आणि त्याच वेळी वाटीतली हळद किती उरली ते मी सारखी बघत होते. त्यांना जाऊन सांगावंसं वाटलं की बघा, तुमी केलं ते बी चांगलंच झालं. एवढं सांगितलं असतं तरी खूप होतं. पण उठायचं म्हणजे वॉकर पाहिजे, वॉकर कोपऱ्यात, आणि माणसं एवढी. राहून गेलं.

पाठवणीला मी उभी राहिले. डॉक्टरांनी सांगितलं होतं जास्त उभं राहू नका, पण लेकीची ओटी काय बसून भरायची? मालकांनी वॉकर दाबून धरला. मी ओटीत तांदूळ घातले, सुपारी घातली, खोबऱ्याची वाटी घातली. मग पोत्यातून निवडून ठेवलेलं हळकुंड घातलं. वाळलेलं, खणखणीत, कुणाच्याही ओटीत असतं तसं. तांदूळ पांढरेशुभ्र राहिले.

तिनं आपणहून मान खाली केली, माझ्या तोंडाशी कान आणला. तिला ठाऊक होतं मी तिथं काहीतरी बोलणार होते. मी तोंड उघडलं. मायचे ते शब्द आता या हळकुंडाला लागू नव्हते. मी म्हटलं, "नीट ऱ्हा."

ती म्हणाली, "आई, हे मी वापरणार न्हाई. जपून ठेवीन."

"ठेव," मी म्हटलं. जपून ठेवण्याशिवाय दुसरं काय करता येणार होतं त्याचं?

ती गेली. घर रिकामं झालं. मंडपाचे बांबू गेले, पाव्हणे गेले, आम्ही दोघं राहिलो आणि ओसरीवर ती बादली. मालक उठले की तोंड धुवायच्या आधी लोटा घेऊन बादलीपाशी. कधी माती उकरून मोकळी करायचे, कधी ऊन लागतं म्हणून बादली सरकवायचे. माय शिजवल्याच्या माझ्या त्या एका वाक्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. त्यांनी राग धरला नाही, उलट माझ्याशी जास्तच सांभाळून बोलायला लागले. घरात आपल्या हातून काचेचं भांडं फुटलं की माणूस उरलेल्या भांड्यांना जसा हात लावतो, तसं. ते मला जास्त लागत होतं. भांडले असते तर परवडलं असतं. ते वाक्य परत घ्यावं असं रोज मनात यायचं, पण घ्यायचं कसं? त्याला सुरुवात कुठून करतात ते मला या वयातही कळलं नाही.

आषाढ लागला. रानातल्या सेलमला वीतभर पानं फुटली. बादली तशीच. वॉकर सुटून माझ्या हातात काठी आली होती. एक दिवस मालक रानात गेल्यावर मी काठी टेकत ओसरीवर गेले, खांबाला धरून वाकले आणि बादलीत बोट घातलं. तुकडा लगेच लागला. मऊ झाला होता. बोट बाहेर काढलं तर त्याला कुजका वास. हळदीचा वास कुठंच नव्हता. मी माती परत सारखी केली, वरून हात फिरवला, बोट धुतलं.

संध्याकाळी ते बादलीजवळ उकिडवे बसून म्हणाले, "जुन्या हळदीला उशीर लागतो कधी कधी."

मी म्हटलं, "व्हय. लागतो."

त्यानंतर एका सकाळी ते हळद घेऊन हिंगोलीला गेले. बाजाराची गर्दी, वजनाला नंबर, त्यामुळं अंधारातच निघाले होते. मी चहा करून प्याले, त्या न फुटलेल्या कपातून. मग त्यांचा फोन आला. मागं ट्रॅक्टरांचा, माणसांचा कालवा चालला होता. मला वाटलं हळदीच्या भावाचं सांगतील.

ते म्हणाले, "अगं, बादलीला पाणी घालायचं राहिलं माझ्याकडून. घातलं का तू?"

खोटं बोलायला काय लागत होतं? घातलं म्हटलं असतं, संपलं असतं. त्या बादलीत काय आहे ते मला माहीत होतं. पण मी म्हटलं, "घालते."

एका हातात भरलेला लोटा आणि दुसऱ्या हातात काठी, तर पाणी सांडत होतं, आणि त्या फरशीवर पाणी सांडलं म्हणजे काय होतं ते मला शिकवायची गरज नव्हती. मी काठी भिंतीला टेकवून ठेवली. दोन्ही हातांनी लोटा धरला आणि पाय मोडल्यापासून पहिल्यांदाच, कशालाही न धरता, त्या चकचकीत फरशीवरून चालत गेले. बादलीत पाणी घातलं. हळूहळू, चारी बाजूंनी, ते घालतात तसं. पाणी मुरेपर्यंत तिथंच उभी राहिले.

मग आत येऊन त्यांना फोन लावला आणि सांगितलं, "घातलं."